घर घेण्यापूर्वीं वस्तीची बखर वाचावी
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वर्षीं वैशाखांत माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. चांगल्या नोकरींत आहे. पत्नीही नोकरी करिते. दोन मुलें आहेत आणि गुडघ्यांनीं अधू झालेली आई आहे. पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या बाजूला, बरींच वर्षें झालेल्या एका इमारतींत तळमजल्यावरची सदनिका घेण्याचें त्यानें ठरविलें होतें. विसार म्हणून कांहीं रक्कमही देऊन झाली होती. मला फोनवरचीं छायाचित्रें दाखवून तो म्हणाला, “गुरुजी, भाव परवडतो, आईला जिना चढावा लागणार नाहीं, मुलांची शाळा जवळ आहे. वस्ती तेवढी कशी आहे, तें आपण सांगा. आपण पुण्याचा इतिहास वाचतां, म्हणून आलों.”

मी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जें वाचलें, जें पाहिलें आणि जें ऐकलें, तेंच आज आपणांस सांगणार आहें.

आपण कुंभाराकडे मडकें घ्यावयास गेलों तर तें बोटानें वाजवून पाहतों. मुलीसाठीं स्थळ पहावयाचें झालें तर चार गांवीं चौकशी करितों. परंतु ज्याच्यासाठीं आयुष्याची पुंजी घालावयाची आणि पुढें वीस वर्षें हप्ते भरावयाचे, त्या घराच्या बाबतींत आपण पाहतों तें काय? फरशी, स्वयंपाकाचा ओटा, दाराची दिशा आणि चौरस फुटाचा भाव. ज्या जमिनीवर तें घर उभें आहे, ती जमीन पूर्वीं काय होती, तिच्यावरून काय वाहात होतें, ती कोणाची होती आणि कोणत्या हक्कानें एकाकडून दुसऱ्याकडे आली, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. इतिहास म्हणजे लढाया आणि तहनामे, अशी समजूत आम्हां शिक्षकांनींच मुलांची करून दिली आहे, हा दोष मी आधीं पदरीं घेतों.

आपले पूर्वज ह्या बाबतींत आपल्यापेक्षां सावध होते. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्यानें पुणें कसबा उद्ध्वस्त केला आणि त्या भूमीवर गाढवांचा नांगर फिरविला, ही हकीकत आपण शाळेंत वाचली आहे. पुढें जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन येथें आल्या, तेव्हां त्याच भूमींत सोन्याचा नांगर धरण्यांत आला अशी परंपरा आहे. तो नांगर खरोखर सोन्याचा होता कीं त्याच्या फाळाला सोन्याचा पत्रा होता, ह्या वादांत मी शिरत नाहीं. मला त्यांत दिसतें तें एवढेंच, कीं वस्ती करावयास येणारा माणूस त्या काळींही आधीं विचारीत होता, “ह्या जमिनीवर पूर्वीं काय घडलें आहे?” आणि त्याच्या त्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय गांव पुन्हां वसेल, अशी आशा राज्यकर्त्यालाही नव्हती.

पुढें पेशवाईंत पुण्याच्या पेठा एकामागून एक वसल्या. पेठ वसविणें म्हणजे नुसते रस्ते आंखणें नव्हे. वसविणाऱ्यास सरकारांतून कौल मिळे. नव्यानें येणाऱ्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना कांहीं वर्षें करांची माफी मिळे. आणि पेठेच्या कारभारावर शेटे-महाजन नेमले जात. ह्या पेठांचीं नांवें म्हणजे शहराची एक छोटी बखरच आहे. सदाशिव पेठेच्या नांवांत पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आहेत, नारायण पेठेच्या नांवांत नारायणराव पेशवे आहेत, नाना पेठेच्या नांवांत नाना फडणीस आणि रास्ता पेठेच्या नांवांत रास्ते सरदार आहेत. आजच्या गुरुवार पेठेचें जुनें नांव वेताळ पेठ. कोणती पेठ कोणी व केव्हां वसविली हें कळलें, म्हणजे ती उंचावर कां, तिचे रस्ते अरुंद कां आणि तिच्यांत अमुकच धंद्याचे लोक कां, ह्याचा उलगडा पुष्कळसा आपोआप होतो.

परंतु नांवांच्याही खालीं एक जुना थर आहे, तो पाण्याचा. मूळ कसबा पुणें मुठेच्या उजव्या कांठीं वसलें. त्याच्या पूर्वेस नागझरी वाहात होती आणि पश्चिमेस आंबील ओढा. हा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांतून निघून पर्वतीच्या पायथ्यावरून खालीं येई आणि आज ज्याला आपण शहराचा मध्य म्हणतों, त्या भागांतून वाहात जाऊन मुठेला मिळे. पावसाळ्यांत त्याचा उपद्रव होई आणि गांवाला पश्चिमेकडे वाढावयास तो आड येई. म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दींत, म्हणजे इ. स. १७४० ते १७६१ ह्या काळांत, बांध घालून ह्या ओढ्याचें पात्र वळविण्यांत आलें. तो आतां पर्वतीखालून दांडेकर पुलाकडे येऊन, जुन्या शहराच्या अलीकडेच मुठेला मिळतो. त्याच्या जुन्या पात्रावर पुढें वाडे उठले, बाजार भरले आणि रस्ते झाले.

त्याच पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळानें पाणी आणिलें. हा नळ जमिनीखालून येतो आणि वाटेंत ठिकठिकाणीं त्याला उच्छ्वास ठेविलेले आहेत, म्हणजे हवा खेळावी आणि गाळ काढतां यावा. शहरांत तें पाणी काळा हौद, बदामी हौद, फडके हौद अशा हौदांत पडे. ह्या दोन कामांकडे एकत्र पाहिलें म्हणजे त्या काळच्या कारभाऱ्यांचा क्रम ध्यानांत येतो. नको तें पाणी आधीं बाहेर वळवावयाचें, हवें तें पाणी आंत आणावयाचें, आणि मग माणसांना बोलवावयाचें. आज हा क्रम पुष्कळ ठिकाणीं उलटा झालेला दिसतो. माणसें आधीं येतात, टँकर मागून येतो, आणि नको असलेलें पाणी एखाद्या रात्रीं न बोलावतां येतें.

येथें कोणी म्हणेल कीं, ओढा वळविला, अडीच शतकांहून अधिक काळ लोटला, आतां त्याची आठवण कशाला? कारण असें कीं, माणूस विसरतो. जमिनीचा उतार विसरत नाहीं. सारसबागेंतल्या गणपतीला पुणेकर आजही तळ्यांतला गणपती म्हणतात. तेथें आज हिरवळ आहे, मुलें खेळतात, कोठेंही तळें दिसत नाहीं. परंतु तेथें पेशव्यांनीं केलेलें तळें होतें, ही गोष्ट त्या एका नांवानें जतन करून ठेविली आहे. म्हणून मी म्हणतों कीं, ज्या वस्तींत घर घ्यावयाचें तिचें आजचें चकचकीत नांव बाजूस ठेवावें आणि म्हाताऱ्या माणसांना तिचें जुनें नांव विचारावें. तळें, ओढा, झरी, खाण, मळा, पाणंद असा एखादा शब्द त्या नांवांत निघाला, तर तो फुकट मिळालेला साक्षीदार समजावा. मळ्याची माती काळी आणि फुगणारी असते, तिला पाया खोल लागतो. खाण बुजवून केलेली जागा पुढें खचण्याची भीति असते. ओढ्याविषयीं तर बोलावयासच नको.

नदीविषयीं मात्र बोललें पाहिजे. कारण ती गोष्ट आमच्या घरांतली आहे. इ. स. १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस सकाळीं पानशेतचें धरण फुटलें. आंबी नदीवरचें हें मातीचें धरण अजून पुरें व्हावयाचें होतें, आणि पाणी मात्र पावसाळ्याबरोबर भरत आलें होतें. आदल्या रात्रीं जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें थोपविण्याचा प्रयत्न केला. परंतु सकाळीं बांध गेला, आणि त्या लोंढ्यानें १८७९ सालीं पुरें झालेलें खडकवासल्याचें जुनें दगडी धरणही फोडलें. मी त्या वेळीं मांडीवरचें मूल होतों. आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत नदीकडच्या एका गल्लींत होतें. आई सांगत असे कीं, “पाणी आलें, पाणी आलें” अशी ओरड झाली तेव्हां तिनें मला एका काखेला मारलें आणि दुसऱ्या हातांत जो डबा आला तो उचलून ती वरच्या अंगाला धांवत सुटली. पुढें उघडून पाहते तो डबा पिठाचा! मंगळसूत्राखेरीज जे चार दागिने होते, ते दुसऱ्या डब्यांत घरींच राहिले आणि घराबरोबर गेले.

आईच्या त्या गोष्टींतला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग निराळाच आहे. आमच्या गल्लीच्या वरच्या टोंकाचा एक वाडा उंच जोत्यावर होता. त्याच्या पायऱ्यांना पाणी लागून परतलें. खालच्या अंगाचे वाडे मात्र पांढऱ्या मातीच्या भिंतींचे होते. त्या भिंती पाण्यांत कांहीं तास उभ्या राहिल्या आणि मग साखरेसारख्या विरघळून बसल्या. गल्ली एक, पेठ एक, पूर एक. अंतर फार तर शंभर पावलांचें. आमच्या वाडवडिलांनीं बिऱ्हाड घेतांना भाडें विचारलें होतें, जोत्याची उंची विचारली नव्हती. कसब्याच्या आणि पेठांच्या पिढीजात रहिवाशांना नदीचे जुने पूर ठाऊक होते. बाहेरून आलेल्या आमच्यासारख्या बिऱ्हाडकरूंना तें कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हीं कोणाला विचारलें नाहीं.

त्या पुरानंतर शहर नदीपासून दूर सरकूं लागलें. गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. पुढें कारखाने आले, विद्यालयें वाढलीं, संगणकाचे धंदे आले; १९९७, २०१७ आणि २०२१ सालीं आसपासचीं गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत घेण्यांत आलीं. पुणें डोंगरांच्या उतारांवर चढलें, आणि ज्या ओढ्यांचें पाणी पूर्वीं माळरानांत जिरे, त्या ओढ्यांच्या दोन्ही कांठीं भिंती आल्या. मुरमाच्या जागीं डांबर आणि सिमेंट आलें म्हणजे पाऊस तेवढाच पडला तरी ओढ्यांत येणारें पाणी वाढतें आणि तें लवकर येतें. त्याच वेळीं ओढ्याची रुंदी आपण कमी केलेली असते. ह्यांत दैवाचा भाग थोडा आणि त्रैराशिकाचा फार आहे.

त्या त्रैराशिकाचें उत्तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं मिळालें. दक्षिण पुण्यांत थोड्या तासांत अतोनात पाऊस पडला आणि तोच आंबील ओढा, ज्याला पेशव्यांनीं वळविलें होतें, तो कांठ सोडून वाहूं लागला. कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरापर्यंत त्यानें भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या आणि घरांत शिरून माणसें बुडविलीं. शहरांत व आसपास त्या रात्रीं वीसाहून अधिक माणसें दगावलीं. पुढें २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या बाजूस मुठेच्या कांठच्या एकतानगरी भागांत घरांत पाणी शिरलें. ह्या दोन्ही ठिकाणीं राहाणारे लोक अडाणी नव्हते. शिकलेले, मिळवते, आपल्यासारखेच होते. त्यांनीं घर घेतांना फरशी पाहिली होती.

आतां कोणी विचारील, सामान्य माणसानें हें सारें शोधावें कसें? त्यासाठीं पंडित व्हावें लागत नाहीं. मी स्वतः केवळ मॅट्रिक आहें, आणि मला तें आठ दिवसांत जमलें.

पहिली गोष्ट पूररेषांची. पाटबंधारे खातें नद्यांसाठीं दोन रेषा आंखतें. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. ह्या रेषा शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशावर पहावयास मिळतात. घर त्यांच्या आंत आहे कीं बाहेर, हें महानगरपालिकेंत जाऊन विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. शंभर वर्षांतून एकदां म्हणजे आपल्या हयातींत नाहीं, असा मात्र कोणी अर्थ करूं नये. फासा सहा बाजूंचा असला तरी सहाचें दान लागोपाठ दोनदां पडतें, हें फासे खेळणाऱ्यास सांगावें लागत नाहीं.

दुसरी गोष्ट गांव नकाशाची. आज जें उपनगर आहे तें काल गांव होतें, आणि त्या गांवाचा नकाशा भूमि अभिलेख कार्यालयांत असतो. त्यावर ओढ्याची वांकडी रेघ, पाणंद, शीव, गांवठाण हें सर्व दिसतें. त्या नकाशावरील ओढा आणि आज डोळ्यांपुढें असलेलें गटार ह्यांच्या रुंदीची तुलना करावी. अंतर फार दिसलें तर मधली जागा कोठें गेली, हा प्रश्न स्वतःसच विचारावा.

तिसरी गोष्ट कागदांची. सातबारा आतां घरबसल्या संगणकावर पहावयास मिळतो. त्यांतील सातवा नमुना जमीन कोणाची व कोणत्या हक्काची हें सांगतो, बारावा नमुना तिच्यांत काय पिकत होतें तें सांगतो. ‘पोटखराबा’ ह्या शब्दासमोर किती क्षेत्र आहे तें अवश्य पहावें. लागवडीस अयोग्य जमीन, आणि कित्येकदां ओढ्याखालची किंवा वाटेखालची जमीन, त्या शब्दाखालीं लपलेली असते. ‘भोगवटादार वर्ग दोन’ असा शेरा असेल तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकतां येत नाहीं. ती मूळची वतनाची आहे काय, देवस्थानाची आहे काय, कुळाच्या हक्कानें आलेली आहे काय, हें फेरफारांच्या नोंदींवरून कळतें. जुन्या शहरांत व जेथें नगर भूमापन झालें आहे तेथें सातबाऱ्याच्या जागीं मिळकत पत्रिका असते. ह्या नोंदी चांगल्या वकिलाकडून तीस वर्षें मागें जाऊन तपासून घ्याव्या. नवी इमारत असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें महारेराकडे तिची नोंद आहे कीं नाहीं तें पहावें. करारनामा नोंदविल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बांधकाम करणाऱ्यास ह्या कायद्यानें अधिकार नाहीं.

आणि चौथी गोष्ट पायांची. त्या वस्तींत सकाळीं, रात्रीं आणि शक्य तर भर पावसांत चालून यावें. पाणी कोठून येतें व कोठें साचतें, टँकर किती वेळां येतो, तळमजल्याच्या भिंतींना ओल किती उंचीपर्यंत चढली आहे, हें डोळ्यांना दिसतें. जें डोळ्यांना दिसत नाहीं, तें किराणा दुकानदार, इस्त्रीवाला आणि पहाऱ्यावरचा माणूस ह्यांना ठाऊक असतें. दलालाला तें ठाऊक असलें तरी तो सांगेलच असें नाहीं.

श्रोतेहो, येथवर मी जी चौकशी सांगितली ती जमिनीची आणि पाण्याची. परंतु “वस्ती कशी आहे?” ह्या प्रश्नाचा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. “तेथें लोक कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे आहेत?” असें आपणांस विचारावयाचें असतें, पण शब्द आपण ‘वस्ती’ हा वापरतों. पेठांचा इतिहास ह्या बाबतींत निर्मळ नाहीं. तांबटांची आळी, कुंभारांचा वाडा हें धंद्याच्या सोयीनें झालें असें म्हणतां येईल. परंतु ज्यांना वेशीबाहेर ठेविलें, त्यांना कोणाच्या सोयीनें ठेविलें? ज्या हौदांचें मी मघाशीं कौतुक केलें, त्यांतून पाणी घेण्याचा हक्क सर्वांना नव्हता. इ. स. १८६८ मध्यें जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला, तेव्हां ती एवढी मोठी गोष्ट ठरली, ती ह्याच कारणानें. त्यांचें घर ज्या गंज पेठेंत होतें तिला आज त्यांचेंच नांव आहे.

मी स्वतः पस्तीस वर्षांपूर्वीं घर शोधीत होतों, तेव्हां एका चांगल्या, उंच, कोरड्या जागेंतलें घर शेजाऱ्यांचीं आडनांवें ऐकून मीं नाकारलें. त्याच्याऐवजीं ‘आपल्या’ लोकांतलें जें घर घेतलें, त्याच्या भिंतींना दर पावसाळ्यांत ओल येते आणि उन्हाळ्यांत नळ कोरडा असतो. माझ्या आडनांवाच्या शेजाऱ्यांनीं ती ओल कमी केली नाहीं. ह्या गोष्टीची मला लाज वाटते, म्हणून ती सांगितली. जमिनीला तिचा इतिहास विचारावा. शेजाऱ्याला त्याचें कुळ विचारूं नये. पहिल्या चौकशीनें घर सुरक्षित होतें, दुसरीनें मन आंखडतें, आणि बहुधा घरही चुकीचें मिळतें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या घराकडे वळतों. त्या वस्तीचें नांव मी घेत नाहीं. गांव नकाशावर त्या इमारतीच्या मागून ओढ्याची रेघ गेलेली होती. प्रत्यक्षांत तेथें कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे हातभर रुंदीचा नाला होता. दलाल म्हणाला, “साधें गटार आहे, गुरुजी.” इमारतीला नवा रंग दिलेला होता आणि तो तळमजल्याला दोन हात अधिक दिलेला दिसत होता. बाहेर पडतांना शेजारच्या लहानशा देवळापाशीं एक म्हातारी फुलें विकीत बसली होती, तिला मीं सहज विचारलें. ती उठली, मला देवळाच्या मागें घेऊन गेली आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर असलेली मातीची एक पुसट रेघ दाखवून म्हणाली, “बाबा, एकोणीस सालचं पाणी इथवर होतं. देवळाला रंग द्यायला पैसे नव्हते, म्हणून राहिली बघा रेघ.”

मी त्या रेघेपाशीं उभा राहिलों. आईचा पिठाचा डबा मला आठवला. मग त्या तळमजल्याच्या खोलींत गुडघ्यांनीं अधू झालेली एक आई रात्रीं निजलेली आहे, असें चित्र डोळ्यांपुढें आलें.

मी विद्यार्थ्याला सर्व सांगितलें. त्याला घेऊन जाऊन ती रेघ दाखविली. त्याचा विसार बुडाला. ती रक्कम लहान नव्हती, आणि तिच्यासाठीं त्याची पत्नी कांहीं दिवस माझ्यावर रुसली होती. आतां त्यांनीं दुसऱ्या बाजूस, उंचावर, एक खोली कमी असलेली जागा घेतली आहे. पाळणा आहे, तो बंद पडला म्हणजे आजीबाईंना खुर्चींत बसवून दोघांनीं उचलून न्यावें लागतें. सर्व सुखें एका घरांत मिळत नाहींत. कोणतें सोडावयाचें एवढेंच आपल्या हातीं असतें, आणि तें ठाऊक असून सोडावें.

परंतु ही गोष्ट येथें संपत नाहीं, आणि म्हणूनच मी आज आपणांपुढें बोलावयास बसलों. ती तळमजल्याची सदनिका महिन्याभरांत विकली गेली. कोणी घेतली तें मला कळलें नाहीं. त्यांच्याहि घरीं कोणी वृद्ध असेल, लहान मुलें असतील. मी त्या इमारतीच्या चिटणिसांना जाऊन भेटलों आणि पाण्याची उंची दाखविणारी एक लहानशी खूण भिंतीवर कायमची करावी, अशी विनंती केली. ते सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, “गुरुजी, आपलें म्हणणें खरें आहे, पण त्या खुणेनें आम्हां सर्वांच्या घरांचा भाव उतरेल.” त्यांचें म्हणणें मला समजलें. त्या रात्रींचे हाल सोसलेल्या माणसांनींच ती रेघ रंगानें झांकली होती; कारण त्यांचीही पुंजी त्याच भिंतींत अडकली होती.

वस्तीचा इतिहास असा पुसला जातो. कोणी शत्रू येऊन तो जाळीत नाहीं. आपणच दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात देतों. म्हणून विचारणाऱ्यानें विचारलें पाहिजे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं सांगितलें पाहिजे. आपल्यापैकीं जे जुने रहिवासी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या आळींत पाणी कोठवर आलें होतें, विहीर कोठें होती, ओढा कोठून जात होता, हें एका वहींत लिहून ठेवावें आणि नव्यानें येणाऱ्या बिऱ्हाडाला तें चहाबरोबर सांगावें. पेशवाईंत नव्या माणसाला वसवितांना कौल देत असत. आपण त्याला निदान खरी हकीकत द्यावी. तोच आपला कौल.